मार्चअखेर करार संपतो

पहाटे साडेपाच

थायलंडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे असतं. नाखोन सावानमध्ये मी साडेपाचला उठते तेव्हा घरी कराडला चार वाजलेले असतात, कोणाचा फोन येत नाही. हा तास मी जाहिराती वाचायला राखून ठेवला आहे. फेब्रुवारी सुरू झाला आहे. थाई शाळांचं वर्ष मेच्या मध्यावर सुरू होतं आणि मार्चमध्ये संपतं, त्यामुळे नव्या नेमणुकांची धांदल फेब्रुवारी ते एप्रिल असते. माझा करार मार्चअखेर संपतो. तो पुढे वाढणार की नाही, हे शाळेने अजून सांगितलेलं नाही. परदेशात इंग्रजी शिकवणाऱ्या बहुतेकांना ही टांगती तलवार दर वर्षी असते. करार वर्षावर्षाचे, काही अकरा महिन्यांचे, काही तर दहाचेच, म्हणजे सुट्टीचे महिने बिनपगारी. पगाराचा आकडा बघून हुरळून जाणाऱ्याने तो आधी बाराने नव्हे, दहाने गुणून बघावा.

जाहिरातीत आधी बघायची ती सुरुवातीची अक्षरं. ‘एनईएस’ लिहिलं असेल तर त्यांना ‘नेटिव्ह स्पीकर’ हवा आहे : ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आणि यादी थोडी सैल असेल तर आयर्लंड, दक्षिण आफ्रिका. ‘एनएनईएस’ लिहिलं असेल तर उरलेलं सगळं जग : फिलिपिन्स, भारत, कॅमेरून, घाना, रशिया. पहिल्या गटाला महिना पस्तीस-चाळीस हजार बाट, दुसऱ्याला वीस-पंचवीस, असं चित्र जिल्ह्याच्या गावांतल्या जाहिरातींत सर्रास दिसतं. बाट म्हणजे साधारण अडीच ते तीन रुपये. वर्ग तेच, तास तितकेच, तपासायच्या वह्या तितक्याच. हा भेद पासपोर्टवरून होतो, शिकवण्यावरून होत नाही, आणि तो अन्यायाचा आहे. दक्षिण कोरियाने तर तो व्हिसाच्या नियमांतच घातला आहे : तिथे परदेशी भाषाशिक्षकाच्या ई-२ व्हिसावर इंग्रजी शिकवायला वर सांगितलेल्या सात देशांचेच नागरिक चालतात. भारतीयांसाठी तिथे एक वेगळी खिडकी आहे. भारत-कोरिया व्यापार करार २०१०च्या जानेवारीत लागू झाला, त्यात भारतीय शिक्षकांना सरकारी शाळांत इंग्रजीचे साहाय्यक शिक्षक म्हणून जाता येईल अशी तरतूद आहे. पदवीबरोबर इंग्रजी शिकवण्याची अधिकृत पात्रता हवी. आपल्याकडच्या बी.एड. झालेल्या कितीजणांना हे माहीत असेल?

आज एक जाहिरात कामाची निघाली. तिला लगेच अर्ज पाठवला. मागे अर्ज केलेल्या दुसऱ्या एका शाळेने आधीच कळवलं होतं की आज दुपारी साडेचारला व्हिडिओवर मुलाखत घेऊ, पंधरा मिनिटांचा नमुना पाठही घ्यावा लागेल. त्याची पिशवी भरून ठेवली.

सव्वासात

कोपऱ्यावरच्या गाडीवर सोयाबीनचं गरम दूध आणि तळलेले पातोंगको. मी शाकाहारी असल्यामुळे बाकीच्या गाड्यांवर फारसं काही मिळत नाही, इथे माशाच्या सॉसशिवाय भाजीसुद्धा होत नाही. चिनी नववर्षासाठी टांगलेले लाल कंदील अजून रस्त्यावर आहेत; त्या जत्रेसाठी हे गाव देशभर ओळखलं जातं. पिंग आणि नान या नद्या इथे एकत्र येऊन चाओ फ्राया होते, आणि ती पुढे बँकॉकला जाते.

आज माझी फाटकावर पाळी आहे. आत येणारा प्रत्येक मुलगा, मुलगी थांबून हात जोडते, मीही जोडते. जूनमध्ये ‘वाय ख्रू’चा, म्हणजे गुरुवंदनेचा दिवस असतो. मुलं फुलांच्या सजवलेल्या परड्या घेऊन गुडघ्यांवर बसतात. परंपरेने त्यात दूर्वा, लाह्या, वांग्याची फुलं आणि लाल ‘डोक खेम’ची फुलं असतात. दूर्वा आणि लाह्या बघून पहिल्या वर्षी मला भरून आलं होतं. पगार कमी, करार तोकडा, तरी हा देश मी धरून ठेवला आहे त्यात या आदराचा वाटा मोठा आहे.

आठ वाजता

राष्ट्रगीत, प्रार्थना, सूचना. रोज आठला आणि संध्याकाळी सहाला देशभर राष्ट्रगीत वाजतं, चालता माणूस जागच्या जागी उभा राहतो. नव्याने येणाऱ्याने ही गोष्ट विमानात बसण्याआधीच शिकून घ्यावी.

साडेआठ

मत्थयोम दोन, म्हणजे आपली आठवी. पंचेचाळीस मुलं. मॉनिटर ‘स्टँड अप, प्लीज’ म्हणतो, सगळे उभे राहून एका सुरात ‘गूऽऽड मॉर्निंग, टीचर’ म्हणतात. मी ‘हाऊ आर यू?’ विचारलं की ‘आय अ‍ॅम फाइन, थँक यू, अँड यू?’ हे तितक्याच एका सुरात येतं. तिथून पुढे खरं इंग्रजी सुरू करायचं असतं.

थाई बोलताना शब्दाच्या शेवटचं व्यंजन सुटत नाही, ओठांत किंवा जिभेखाली अडतं. त्यामुळे राइस, राइट आणि राइड हे तिन्ही शब्द मुलांच्या तोंडून एकच होऊन बाहेर पडतात. शेवटचा ‘ल’ तर ‘न’ होतो, फुटबॉलचा फुटबॉन. व्याकरण कितीही पाजलं तरी हे सुटलं नाही तर क्रियापदाला लागणारा ‘एस’ आणि ‘ईडी’ त्यांना ऐकूच येत नाही, मग लिहिण्यातूनही गळतो. वर्तमानकाळ-भूतकाळाच्या निम्म्या चुका मुळात कानाच्या चुका असतात, हे माझं इथलं सगळ्यात उपयोगी शिक्षण.

आज तीन चित्रं केली होती : भाताची वाटी, उजवीकडचा बाण, सायकलवरचा मुलगा. दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचं. एकाने चित्र बघून शब्द म्हणायचा, दुसऱ्याने ऐकलेलं चित्र उचलायचं. पहिल्या फेरीत जवळजवळ सगळ्यांची चित्रं चुकली आणि वर्गात हशा पिकला. मग शेवटचा आवाज लांबवायला सांगितला. मागच्या बाकावरच्या एका मुलाने ‘राइस्स्स्स’ असं सापासारखं ओढलं, सगळे त्याच्याकडे वळले, आणि जोडीदाराने अचूक भाताची वाटी वर केली. त्या मुलाचा चेहरा! पुढच्याच फेरीत सायकललाही तो ‘राइस्स्स’ म्हणाला, पण काही बिघडत नाही. शेवटी काहीतरी असतं, एवढं त्याला कळलं. उद्या ते काय असतं तेही कळेल.

मी पाचवीत एबीसीडी शिकले. मराठी माध्यमात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. आमची पिढी त्याच्या जरा आधीची. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ वेगळे कसे काढायचे, ‘ए’ कुठे आणि ‘द’ कुठे, हे आम्ही तर्खडकरांच्या पाठमालेतून आणि शाळेतल्या बाईंकडून एकेक करून शिकलो. म्हणून थाई मूल कुठे अडखळणार हे मला आधी दिसतं. थाई भाषेत उपपदं नाहीत, मराठीतही नाहीत. ती नसलेल्या घरातून मी आले आहे.

दहा वाजून वीस

मोकळा तास, कागदपत्रांचा. परदेशात शिकवायला जाऊ इच्छिणाऱ्यांपैकी निम्म्यांची पायरी इथेच चुकते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

थायलंडमध्ये शाळेत शिकवायचं तर नॉन-इमिग्रंट ‘बी’ व्हिसा लागतो, रोजगार खात्याचा कामाचा परवाना लागतो आणि ‘खुरुसफा’ या शिक्षक परिषदेची मान्यता लागते. शिक्षणशास्त्राची पदवी नसेल तर ही परिषद दोन वर्षांची तात्पुरती परवानगी देते, तीही शाळेमार्फत. मुदतवाढ मिळते, पण कितीही वेळा नाही. म्हणून बी.एड. असलेल्या आपल्या शिक्षकांनी ती पदवी कमी लेखू नये; इंग्रजी साहित्यात एम.ए. असण्यापेक्षा इथे तिचं वजन जास्त पडतं. शिवाय नव्वद दिवसांनी एकदा इमिग्रेशनला आपला पत्ता कळवायचा.

मूळ पदवी तशीच चालत नाही. महाराष्ट्रातल्या विद्यापीठाची असेल तर आधी राज्य सरकारचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं, मग थाई दूतावासाचं. अनेक देशांना परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल पुरतं, थायलंडसाठी दूतावासाची पायरी चढावी लागते. पासपोर्ट कार्यालयातून पोलिसांचा दाखला काढायचा. बऱ्याच शाळा आपल्याकडून टोइक या इंग्रजीच्या परीक्षेत ९९० पैकी किमान ६०० गुण मागतात. आणि वर एक शिकवण्याचं प्रमाणपत्र. एकशेवीस तासांचा ऑनलाइन टेफल अभ्यासक्रम स्वस्तात होतो, कागद म्हणून चालतोही. पण ज्याला परवडेल त्याने केंब्रिजची सेल्टा किंवा ट्रिनिटीची सर्ट-टेसोल करावी. दोन्हींत खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवावं लागतं, मागे प्रशिक्षक बसलेला असतो. ते सहा तास नमुना पाठाच्या वेळी कामाला येतात.

आज मी पदवीचा थाई अनुवाद, जुना परवाना आणि शाळेचं अनुभवपत्र एका फायलीत लावलं. अनुभवपत्र मार्चमध्ये मागू नका. तेव्हा कार्यालयात निकालाची घाई असते आणि एप्रिलच्या मध्यावर सोंगक्रानची सुट्टी लागते. फेब्रुवारीतच मागा.

दुपारी बारा

कँटीनमध्ये माझ्यासाठी भात, दोन तळलेली अंडी आणि काकडी. (अंडं मी खाते, नाहीतर इथे निभाव लागणार नाही.) शेजारी फिलिपिन्सची सहकारी. तिचा पगार भावंडांच्या शिक्षणाला जातो. थाई विभागप्रमुख आम्हा दोघींपेक्षा वयाने मोठी, म्हणून तिला आम्ही ‘पी’ म्हणतो, म्हणजे ताईच. तिने हळूच सांगितलं की संचालकांना पुढच्या वर्षी फाटकावरच्या फलकात गोरा चेहरा हवा आहे, पालकांना तो आवडतो. ती स्वतः आमच्या बाजूने बोलली आहे. मी तिचे आभार मानले. राग आला, पण तो तिच्यावर काढण्यात अर्थ नव्हता.

एक ते साडेतीन

दोन वर्ग आणि एक बदली तास. छत्तीस अंश, पंखे गरम हवा फिरवतात. वह्या तपासल्या.

साडेचार

रिकाम्या वर्गात फोन खुर्चीवर टेकवून मुलाखत. पलीकडे शेजारच्या प्रांतातल्या खाजगी शाळेतले तिघं. पहिला प्रश्न नेहमीचा : तुम्ही भारतीय, मग तुमचे उच्चार कसे? या प्रश्नावर बिथरणारे पुष्कळ पाहिले आहेत. कोणी ओढूनताणून अमेरिकन बोलायला लागतं, कोणी माफी मागितल्यासारखं बोलतं. दोन्ही करू नये. मी सावकाश, स्पष्ट आणि माझ्याच आवाजात सांगितलं की तुमच्या मुलांना पुढे सिंगापूरच्या, जपानच्या, भारताच्या माणसांशी इंग्रजीतच बोलायचं आहे, माझं इंग्रजी त्या सगळ्यांना समजतं. भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरूंनी १९८५ साली जगातल्या इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली. भारत दुसऱ्या वर्तुळात, जिथे इंग्रजी दुसरी भाषा आहे; थायलंड तिसऱ्यात, जिथे ती परकी आहे. एका काश्मिरी माणसाने अमेरिकेतल्या विद्यापीठात बसून हे शास्त्र उभं केलं, आणि आपल्या बी.एड.च्या वर्गात त्याचं नाव जेमतेम येतं. हंगेरीचे पेतेर मेद्येश यांनी पुढे ‘नॉन-नेटिव्ह’ शिक्षकांवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं साधं आहे : जो स्वतः ती भाषा शिकला आहे तो शिकणाऱ्याची अडचण आधी ओळखतो आणि शिकता येतं याचा दाखला म्हणून समोर उभा राहतो. मुलाखतीत पुस्तकांची नावं घेत बसायची नाहीत, पण आपण कशाच्या जोरावर बोलतो आहोत हे आत पक्कं असावं. तो पक्केपणा चेहऱ्यावर दिसतो.

मग नमुना पाठ. विषय माझ्यावर सोडला होता, मी ‘ए’ आणि ‘द’ घेतलं. कापडी पिशवी दाखवली. ‘देअर इज अ फ्रॉग इन द बॅग’, असं म्हणून तिघांना विचारलं, कोणता बेडूक? कोणालाच माहीत नाही, म्हणून ‘अ’. पिशवीतून हिरवा प्लास्टिकचा बेडूक काढून टेबलावर ठेवला. ‘द फ्रॉग इज ग्रीन.’ आता कोणता? हा. म्हणून ‘द’. दुसरा बेडूक काढला, लाल. आता नुसतं ‘द फ्रॉग’ म्हटलं तर कोणता घ्यायचा? मधले शिक्षक पुढे झुकून ‘द रेड वन’ म्हणाले आणि हसले. व्याकरणाची एकही संज्ञा न वापरता पंधरा मिनिटं झाली. नमुना पाठात समोर मुलं नसतात, मोठी माणसं मुलं होऊन बसलेली असतात. त्यांना खरोखर उत्तर द्यायला लावलं तरच पाठ झाला म्हणायचा. स्वतः बोलत राहणारा उमेदवार तिथेच मागे पडतो.

शेवटी मी तीन प्रश्न विचारले, ते दर मुलाखतीत विचारते. करार किती महिन्यांचा? व्हिसा आणि परवान्याचा खर्च कोणाकडे? आठवड्याला शिकवायचे तास किती आणि नुसतं शाळेत थांबायचे किती? उत्तरं लिहून घेतली. आठवड्यात कळवू म्हणाले.

संध्याकाळी साडेसात

घरी सहा वाजले असतील. सातारा जिल्ह्यातल्या एका मुलीचा फोन. ओळखीतून नंबर मिळालेला. एम.ए., बी.एड., विनाअनुदानित शाळेत तुटपुंज्या मानधनावर.

‘ताई, एजंट ऐंशी हजार मागतोय. म्हणतो, आत्ता फिरायला म्हणून जा, तिथे गेल्यावर व्हिसा करून देतो.’

‘शाळेचं नाव सांगितलं का त्याने?’

‘नाही. बँकॉकच्या जवळ आहे एवढंच म्हणाला.’

‘मग एक रुपयाही देऊ नकोस. आणि पासपोर्ट त्याच्या हातात द्यायचा नाही.’

थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून भारतीय पर्यटकांना व्हिसाशिवाय प्रवेश सुरू केला, तेव्हापासून ही थाप जोरात आहे. इथे आल्यावर व्हिसा बदलून मिळतो कधीकधी, पण तो खऱ्या शाळेने खरी कागदपत्रं दिली तरच. परवाना हातात पडण्याआधी वर्गात उभं राहिलं आणि सापडलं तर पाच ते पन्नास हजार बाट दंड आणि परतपाठवणी. याहून भयंकर गोष्टी घडल्या आहेत. थायलंडमधल्या नोकरीच्या आमिषाने आलेल्या भारतीय तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबलं गेलं. परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये त्याबद्दल जाहीर इशारा दिला होता. ती मुलं संगणकाच्या कामाला म्हणून निघाली होती. शिकवायला निघालेल्यांनीही तेवढंच सावध असायला हवं.

मी तिला सांगितलं, एजंट सरकारकडे नोंदलेला आहे का ते परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट यादीत बघ. नोंदणीकृत एजंटला तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी याहून जास्त सेवाशुल्क घेताच येत नाही. शाळेशी स्वतः बोल, शाळेच्या फोनवर. नमुना पाठाशिवाय नोकरी देणारी शाळा असेल तर दोनदा विचार कर. ती जरा हिरमुसली. मग म्हणाली, ‘ताई, माझा पाठ ऐकाल का तुम्ही?’ रविवारी ऐकायचा ठरला.

रात्री साडेनऊ

उद्याच्या वर्गासाठी चित्रं कापली. मुलाखत घेणाऱ्यांना दोन ओळींचं आभारपत्र पाठवलं, सोबत करारातल्या तीन मुद्द्यांची नोंद, म्हणजे पुढे बोलणं फिरायला नको. पगाराच्या बाबतीत मी त्यांचा वीस हजार बाटचा आकडा स्वीकारला नाही, अनुभवाच्या जोरावर अठ्ठावीस मागितले. नाही म्हणाले तर नाही. पण आपण न मागता कमी घेत राहिलो, तर पुढच्या भारतीय शिक्षकाला तेवढेच देऊ करतील.

तुमच्यापैकी कोणाला परदेशात इंग्रजी शिकवायचं असेल तर एक विनंती. तिकिटाचा विचार नंतर करा. आधी पदवीचं साक्षांकन, पोलिसांचा दाखला आणि एक प्रमाणपत्र, एवढं जानेवारीपर्यंत तयार ठेवा. गावातल्या कुठल्याही शाळेत पाचवीच्या वर्गावर पंधरा मिनिटांचा पाठ घेऊन बघा. करार शाळेच्या नावाने, महिन्यांच्या आकड्यासकट, लेखी मिळाल्याशिवाय नोकरी सोडू नका.